मथाबाईचं कागदावरचं नाव

प्रश्न : मी दिग्रस तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. माझ्या आईच्या आईला गावात सगळे मथाबाई म्हणतात. वय ऐंशीच्या घरात. आधार कार्डावर तिचं नाव ‘मटीलडा’ आहे, राशन कार्डावर ‘मथुराबाई’ आणि मतदार यादीत ‘मथाबाई’. घरात सांगतात ते असं, की पणजीला दोन दिवस कळा येत होत्या आणि आजी पायाळू होती. बंडीत घालून मिशनच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या गोऱ्या मडमनं पणजीला सोडवलं आणि मुलीला स्वतःच्या आईचं नाव दिलं. आम्ही ख्रिस्ती नाही, पण उपकार म्हणून ते नाव तसंच राहिलं. पुढे आजीचं नाव गावानं बिघडवलं. आता माझ्या भावाला मुलगी झाली आहे. मघा नक्षत्र, पहिला चरण, अक्षर ‘मा’. आत्या म्हणून नाव मीच ठेवणार. आजीचंच ‘माटिल्डा’ ठेवावं असं मनात आहे. मोबाइलवर पाहिलं तर कुठं अर्थ ‘लढाई’ देतात, कुठं ‘ताकद’, कुठं ‘राजकन्या’. घरचे म्हणतात, लढाईचं नाव पोरीला कशाला? खरा अर्थ काय आणि हे नाव आलं कुठून? आणि कागदावर आजीचं नाव एकदाचं काय करावं?

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचलं आणि कोश काढायच्या आधी मी पायात चप्पल घातली. दारव्ह्याहून दिग्रसपर्यंत एसटी, पुढे काळी-पिवळी, आणि फाट्यापासून पायी. पत्रावर पत्ता होता म्हणून बरं. तुम्ही अंगणवाडीत होतात. आजी ओसरीत बसून सुपात तूर पाखडत होत्या. मी विचारलं, आजी, नाव काय तुमचं? म्हणाल्या, “मथा.” म्हटलं, आणि आधारवरचं? सूप न थांबवता म्हणाल्या, “थे सरकारचं हाय. मले नाई बोलता येत.”

तर आधी अर्थ. ‘राजकन्या’ सोडून द्या. ह्या नावाच्या पुष्कळ राजकन्या होऊन गेल्या म्हणून कुणीतरी ते अर्थातच घातलं. असं असतं तर आपल्याकडे ‘सुमन’ म्हणजे ‘शिक्षिका’ असं लिहावं लागेल, कारण माझ्या पंचायत समितीत एका वेळी चार सुमनबाई होत्या.

उरलेले दोन अर्थ मात्र खरे, आणि दोन्ही एकदम खरे. हे नाव जुन्या जर्मन भाषांमधलं आहे. ‘माख्त’ म्हणजे बळ आणि ‘हिल्ड’ म्हणजे लढाई, असे दोन शब्द जोडून ते झालं. आजच्या जर्मनमध्ये ‘माख्ट’ म्हणजे सत्ता, इंग्रजीतला ‘माइट’ही तोच. हिल्डा, हिल्डेगार्ड, ब्रूनहिल्ड ह्या नावांतली ‘हिल्ड’ हीच लढाई. ‘लढाईत बलवान’ असं जे छान वाक्य मोबाइलवर दिसतं ते मात्र नंतरच्या लोकांनी जुळवलेलं. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात असं वाक्य असायचंच असं नाही. त्या लोकांकडे नावांसाठी ठरलेल्या शब्दांची एक पोतडी होती: बळ, लढाई, लांडगा, घोडा, संपत्ती, किल्ला, उदात्त. त्यातून दोन काढायचे आणि जोडायचे. पुष्कळदा एक तुकडा बापाच्या नावातला, एक आईच्या. वुल्फस्टन नावाचा इंग्लंडमधला एक संत बिशप 1095 मध्ये वारला. त्याच्या बापाचं नाव एथेलस्टन, आईचं वुल्फगिफू. आईचा ‘वुल्फ’, बापाचा ‘स्टन’, झाला वुल्फस्टन. आता ‘लांडगा-दगड’ ह्याचा अर्थ काय लावाल? गुनहिल्ड नावात तर दोन्ही तुकड्यांचा अर्थ ‘लढाई’ हाच होतो.

आपल्याकडे हल्ली आईबापाच्या नावांची अक्षरं जोडून मुलींची नावं करतात, ते पाहून आपण नाकं मुरडतो. मी निवृत्त झाले त्या वर्षी माझ्या वर्गात अशा तीन मुली होत्या. अर्थ विचारला की तिघीही फाटकात उभ्या असलेल्या आईकडे बोट दाखवायच्या. हजार वर्षांपूर्वी जर्मनीतल्या सॅक्सनीत विचारलं असतं तरी हेच झालं असतं.

‘लढाईचं नाव पोरीला कशाला’ ह्या घरच्यांच्या शंकेला मी एवढंच विचारीन की तुमच्या घरात जया, विजया, दुर्गा कुणी नाही का? जिंकायचं म्हणजे आधी कुणाशी तरी लढणं आलंच. ते आपण बोलत नाही, एवढंच.

आता मघा. ह्या ठिकाणी मला जरा गंमत वाटली. मघाच्या चार चरणांची अक्षरं मा, मी, मू, मे, तेव्हा ‘माटिल्डा’ पंचांगात नीट बसतं. शिवाय ‘माख्त’चा मूळ धातू ‘समर्थ असणं’ असा आहे, आणि जुन्या भाषाभ्यासकांपैकी काहींनी तो आपल्या संस्कृतातल्या ‘मघ’शी जोडला होता. मघ म्हणजे सामर्थ्य, संपत्ती, दान. म्हणून इंद्राला वेदात मघवा म्हणतात. सगळ्यांना ही जोडणी मान्य नाही, म्हणून बारशात माइकवरून सांगू नका. पण मान्य करणाऱ्यांच्या हिशेबानं तुमच्या भाचीचं नक्षत्र आणि तिच्या पणजीचं नाव एका मुळाची निघतात. मात्र ‘महा’ आणि ‘माख्त’ ऐकायला जवळचे वाटतात म्हणून एक समजू नका. ‘महा’चा धातू निराळा. लॅटिनमधला ‘मॅग्नस’, म्हणजे मोठा, त्याच्या घरचा. (मघा म्हटलं की आपल्याला पाऊसच आठवणार. ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यातल्या त्या पावसाची चुलीपुढची म्हण सगळ्यांना पाठ आहे. इथे छापता येत नाही.)

आता नाव ‘मथा’ कसं झालं ते पाहू. तुमच्या पत्रात एक वाक्य होतं, ‘आजीचं नाव गावानं बिघडवलं’. हे मला पटलं नाही. नाव तोंडात आलं की झिजतं. आणि हे नाव पहिल्यांदा झिजलं ते दिग्रस तालुक्यात नव्हे.

फ्रान्समध्ये रोजच्या बोलण्यात त्याचं ‘माहाउत’ झालं. (हत्तीचा माहूत आठवतो, पण संबंध नाही.) 1066 मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं. त्याच्या बायकोचं नाव माटिल्डा, फ्लँडर्सची. राणीचं नाव, मग दरबारात, जमीनदारांत, शेवटी कुणब्यांच्या घरात पोहोचलं. इंग्लंडात त्याचं आणखी झिजून ‘मॉड’ झालं. पण कारकून लॅटिनमध्ये लिहायचे, म्हणून कागदावर मात्र कायम ‘माटिल्डा’. म्हणजे हाक मारायला मॉड आणि दस्तऐवजात माटिल्डा. एकाच बाईची दोन नावं, आणि दोन्ही बरोबर. लाडानं टिल, टिली, टिलट असंही म्हणत. टिलटचा मुलगा तो ‘टिलटसन’. हे आडनाव इंग्रजांत अजून आहे, आणि ते आईच्या नावावरून आलंय. पोर्तुगालमध्ये पहिल्या राजाची बायको सॅव्हॉयची माटिल्डा. तिचं तिथे ‘माफाल्दा’ झालं. जर्मनांनी ‘मेख्टहिल्ड’ केलं. मग यवतमाळ जिल्ह्यानं ‘मथा’ केलं तर कुठं आभाळ कोसळलं? बायांच्या तोंडी ‘मथुरा’ आधीच होतं, त्याच्या शेजारी हे जाऊन बसलं. आणि ज्या माटिल्डाबद्दल मी आता सांगणार आहे तिच्या मोहोरेवर ‘माथिल्डिस’ अशी अक्षरं कोरलेली आहेत. म्हणजे तुमच्या आजीचा ‘थ’ तिथेही आहे.

तिच्या आईपासून सुरू करते. आई स्कॉटलंडची राजकन्या, बारशाचं नाव एडिथ. खास सॅक्सन नाव, म्हणजे हरलेल्या जुन्या इंग्रजांचं. 11 नोव्हेंबर 1100 ला तिचं लग्न इंग्लंडचा राजा पहिला हेन्री ह्याच्याशी झालं आणि एडिथची माटिल्डा झाली. आपल्याकडे नवरदेव तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहितो, त्यातलाच प्रकार. कारणही समजण्यासारखं होतं. नॉर्मंडीहून आलेल्या नॉर्मन सरदारांना सॅक्सन नावं गावंढळ वाटायची. एवढं करूनही त्यांनी राजाराणीची टिंगल ‘गॉड्रिक आणि गॉडगिफू’ म्हणून केलीच. म्हणजे शहरात शिकलेल्या मुलानं गावची बायको केली आणि मित्रांनी दोघांना ‘गणपत आणि गजराबाई’ म्हणावं, तसं.

ह्या दोघांची मुलगीही माटिल्डा, जन्म 1102. आठ वर्षांची असताना जर्मनीला पाठवली. 1114 मध्ये सम्राट पाचव्या हेन्रीशी लग्न झालं तेव्हा तिला बारावंही पुरं नव्हतं. आपल्या आज्या-पणज्यांच्या लग्नांचं वय आठवा आणि मग युरोपला हसा. तेवीस वर्षांची असताना नवरा वारला. तिकडे 1120 मध्ये तिचा एकुलता सख्खा भाऊ जहाज बुडून गेला होता, म्हणून बापानं सरदारांना शपथ घालून तिला वारस केलं आणि 1128 मध्ये तिचं दुसरं लग्न लावलं. नवरदेव चौदा वर्षांचा, ती सव्वीसची.

1135 मध्ये बाप मेला. शपथा घेतलेल्यांतल्याच स्टीफननं जाऊन राज्याभिषेक करून घेतला. हा स्टीफन तिचा आतेभाऊ. आणि त्याच्या बायकोचं नाव काय? माटिल्डा! ही बूलोनची माटिल्डा. एवढ्यावर थांबत नाही. दोघींच्या आया सख्ख्या बहिणी, म्हणजे ह्या दोन माटिल्डा एकमेकींच्या मावसबहिणी. 1141 मध्ये लिंकनच्या लढाईत स्टीफन पकडला गेला आणि एका माटिल्डाच्या कैदेत पडला. तेव्हा दुसऱ्या माटिल्डानं फौज जमवली, लंडनवर चाल केली, आणि राज्याभिषेकाच्या तयारीत असलेल्या मावसबहिणीला शहर सोडून पळावं लागलं. त्याच वर्षी पहिलीचा सावत्रभाऊ पकडला गेला, आणि त्याच्या बदल्यात दुसरीनं आपला नवरा सोडवून घेतला. वावराच्या धुऱ्यावरून चालणारं भाऊबंदकीचं भांडण आपल्याला नवं नाही, पण दोन्हीकडे हुकूम देणारी बाई, दोघींचं नाव एक आणि आजी एक, असं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. ‘बळ’ आणि ‘लढाई’ हे दोन तुकडे कधी खरे ठरले असतील तर त्या वर्षी.

आणि 1142 चा डिसेंबर. आपली माटिल्डा ऑक्सफर्डच्या किल्ल्यात अडकलेली, बाहेर स्टीफनचा वेढा. एका रात्री चारदोन माणसं बरोबर घेऊन ती पांढरी वस्त्रं पांघरून निघाली, म्हणजे बर्फात दिसू नये, आणि गोठलेली नदी पायी ओलांडून निसटली. राणी ती कधीच झाली नाही. ‘इंग्रजांची स्वामिनी’ एवढाच किताब तिला मिळाला. पण 1154 मध्ये तिचा मुलगा दुसरा हेन्री म्हणून गादीवर बसला. त्याला लोक ‘फिट्झ-एम्प्रेस’ असंही म्हणत, म्हणजे सम्राज्ञीचा पोरगा. 1167 मध्ये ती वारली. थडग्यावर जे लिहिलं त्याचा मतलब असा: जन्मानं थोर, लग्नानं त्याहून थोर, लेकरामुळे सगळ्यात थोर, हेन्रीची मुलगी, हेन्रीची बायको, हेन्रीची आई. लिहिणाऱ्यानं तीन हेन्री मोजले आणि नदी विसरला.

टस्कनीची माटिल्डा हीही ह्याच नावाची. 1077 च्या जानेवारीत तिच्या कानोसाच्या किल्ल्याबाहेर जर्मनीचा राजा चौथा हेन्री तीन दिवस अनवाणी बर्फात उभा होता, कारण आत पोप होता आणि त्याची क्षमा हवी होती. ह्याच हेन्रीचा मुलगा पुढे आपल्या माटिल्डाचा पहिला नवरा झाला.

पण मला खरी ओढ आहे ती तेराव्या शतकातल्या एका मेख्टहिल्डची, माग्डेबुर्ग शहरातली. ना राणी, ना राजकन्या. लग्न न करता भक्तीत राहणाऱ्या बायकांच्या वस्तीत ती राहिली आणि देवाबद्दल लिहिलं ते पंडितांच्या लॅटिनमध्ये नाही, घरच्या जर्मन बोलीत. जीव म्हणजे नवरी आणि देव म्हणजे नवरदेव, असं तिचं सगळं बोलणं. आता बघा, त्याच शतकात आपल्या अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला कोण होती? महदाइसा, महानुभाव पंथातली कवयित्री. तिनंही संस्कृत बाजूला ठेवून मराठीत धवळे गायले, श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची गाणी. आणि रुक्मिणी तर आपल्याच कौंडिण्यपूरची लेक. दोघींना एकमेकींचा पत्ता असण्याचं काही कारण नाही. एक एल्ब नदीच्या काठी, एक वऱ्हाडात, आणि दोघी आपापल्या आयाबायांच्या भाषेत लग्न गात होत्या. महदाइसेचीही नावं एकाहून जास्त आहेत: महदंबा, रूपाइसा. तिथेही कुणी ‘बिघडवलं’ म्हणत नाही.

तर भाचीचं नाव ठेवायचं का? आत्याचा मान तुमचा आहे, मी मध्ये पडत नाही. एक मात्र सांगते. ‘माटिल्डा’ ठेवलंत तरी शाळेत पोहोचेपर्यंत त्याचं काहीतरी होणारच. टिली होईल, माटी होईल. आणि माटी झालं तर मातीशी खेळणारी पोरं आहेतच. त्यापेक्षा पाळण्यात माटिल्डा आणि हाक मारायला मथा ठेवलंत तर ते इंग्लंडच्या चालीलाही धरून आहे आणि तुमच्या गावच्याही. घाईही नाही. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करून ठेवा. नाव त्यात बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क चढवता येतं. आणि 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आपल्या राज्यात आईचं नाव लावावंच लागतं. म्हणजे तुमच्या भाचीचं नाव थोडं टिलटसनसारखं होणार, त्या बाबतीत वहिनीला विचारा, आत्यानं एकटीनं ठरवू नये.

आजीच्या कागदांचं थोडक्यात. आधार आणि बँकेचं खातं एकाच नावावर असेल आणि निराधारचे पैसे त्यावर येत असतील, तर आधारला हात लावू नका. ‘मटीलडा’ हे काही शुद्ध लिहिणं नाही, पण त्या वयात बोटांचे ठसे पुन्हा देत फिरण्यापेक्षा ते बरं. राशन कार्डावरचं नाव आधारप्रमाणे करून घ्या. मतदार यादीसाठी फॉर्म आठ भरा. आणि ‘मटीलडा उर्फ मथुराबाई उर्फ मथाबाई ही एकच व्यक्ती आहे’ असं एक प्रतिज्ञापत्र करून त्याच्या चार झेरॉक्स पेटीत ठेवा. उर्फ ह्या शब्दानं माझ्या नोकरीत फार कामं केली आहेत.

हे सगळं मी आजींना सांगायला गेले होते असं नाही, पण निघताना राहवलं नाही. म्हटलं, आजी, तुमच्या नावाचा अर्थ माहीत आहे का? बळ आणि लढाई.

सूप थांबलं. “लढाई कोनासंगं वं माय?”

मला पटकन उत्तर सुचलं नाही. त्यांनीच दिलं.

“लढाई माह्या मायनं केली. दोन दिवस. मी तं नुस्ती पाय पुढं करून आली.” आणि आत बघून कुणालातरी म्हणाल्या, “च्या मांड वं, मास्तरीनबाई निघाल्या.”